श्यामलाला गंडा मिळाला

या, असे जवळ या. मागे खांबाला टेकून बसलेल्यांनीही पुढे सरकावे. खांबाला पाठ लागली की कीर्तनात डोळा लागतो, आणि आजचे आख्यान तर डोळे उघडे ठेवण्याविषयीच आहे. विवाहितांनी ते पश्चात्तापासाठी ऐकावे, अविवाहितांनी सावधगिरीसाठी. एका शब्दापायी एका जावयाची बायको जाता जाता कशी राहिली, त्याची ही गोष्ट. नमन झाले असे समजा.

साल एकोणीसशे शहाण्णव. गाव बंगळूर, वस्ती जे. पी. नगर. तिथे अप्पासाहेबांच्या घराच्या वरच्या मजल्यावर नंदू देशिंगकर आणि त्याची बायको श्यामला राहत. लग्नाला चार महिने झाले होते, म्हणजे दोघेही अजून एकमेकांशी नीट बोलत होते. नंदू पुण्याचा. पीण्या औद्योगिक क्षेत्रात यंत्रांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात त्याची नोकरी. पीण्या शहराच्या त्या टोकाला आणि जे. पी. नगर या टोकाला, तरी त्याने हीच जागा घेतली, कारण घरमालक मराठी होते. पहिल्या भेटीत अप्पासाहेबांनी विचारले होते, "बंगळुरात कधी आलात?"

"मागच्या महिन्यात. तुम्ही?"

"सोळाशे अडतीस साली," अप्पासाहेब म्हणाले. "शहाजीराजांबरोबर."

भाड्याखेरीज त्यांची अट एकच. दर गुरुवारी खालच्या हॉलमध्ये कीर्तन असते, त्याला यायचे. नंदू नेमाने जाई. कुठल्या खांबाशी बसे ते मघाशीच सुचवले आहे.

आता नंदूचे एक गुपित सांगितले पाहिजे. मराठी वाङ्मयात कादंबरीपेक्षाही कल्पनारम्य असा एक प्रकार आहे, त्याला बायोडेटा म्हणतात. नंदूच्या बायोडेटात 'चष्मा नाही' असे लिहिले होते. खरे तर चष्मा होता, सातवीपासून होता, आणि त्याच्या काचा अशा जाड होत्या की उन्हात कागदावर धरल्या तर भोक पडावे. पण स्थळाने मागितला होता बिनचष्म्याचा मुलगा. तेव्हा मुलगी पाहायला जाताना नंदूने चष्मा काढून खिशात ठेवला, मामांच्या खांद्याला धरून जिना चढला आणि समोरच्या धुक्याकडे पाहून गोड हसला. धुके बरे वाटले. त्याने होकार दिला.

लग्नानंतर आठव्या दिवशी त्याला चष्मा 'लागला'. "बंगळूरची हवा," तो श्यामलाला म्हणाला. चष्मा लावून त्याने पहिल्यांदा बायकोकडे पाहिले, तेव्हा ती गच्चीत टॉवेल वाळत घालत होती. त्याच्या हातातून दाढीचा ब्रश पडला. आपल्यासारख्या लबाडाला देवाने एवढे का द्यावे, हे त्याला कळेना. तेव्हापासून तो पाण्याच्या बादल्या वर आणू लागला, भाजी निवडू लागला, आणि एकाच गोष्टीला भिऊ लागला. कारण श्यामला आठवड्यातून दोनदा तरी विचारी, "खरं सांगा, पाहायला आलात तेव्हा माझ्यात काय आवडलं?"

"डोळे," नंदू म्हणे. आपले की तिचे, हे तो सांगत नसे. हे कधी तिला कळले तर आपला संसार संपला, एवढे त्याला पक्के ठाऊक होते.

श्यामलाकडेही एक गुपित होते. तिची डाळ शिजत नसे. "बंगळूर समुद्रसपाटीपासून तीन हजार फूट उंच आहे ना," ती म्हणे, "इथं डाळ शिजायला त्रास होतो." नंदू इंजिनियर असल्यामुळे त्याने हे लगेच मान्य केले.

असा दोघांचा सुखाचा संसार चालला असता एका गुरुवारी खाली अप्पासाहेबांचा फोन वाजला. वरच्या मजल्यावर फोन नव्हता. श्यामलाची आई प्रमोदिनीबाई पुण्याहून एरवी रविवारी फोन करीत. पण अधिक महिना लागला होता, जावयाचा पहिलाच धोंड्याचा महिना, त्याचे आमंत्रण द्यायचे म्हणून त्यांनी वार मोडला. श्यामला भाजी आणायला गेली होती. फोन सकवारबाईंनी घेतला.

सकवारबाई म्हणजे अप्पासाहेबांच्या पत्नी. त्यांचे मराठी अस्सल होते, पण साडेतीनशे वर्षांच्या शेजारात काही कानडी शब्द त्यात पाहुणे म्हणून आले आणि घरजावई होऊन राहिले. कानडीत नवऱ्याला 'गंड' म्हणतात. त्यातला शेवटचा अ असा खणखणीत म्हणतात, की पुणेरी कानाला तो 'गंडा' ऐकू यावा. मराठीत गंडा घालणे म्हणजे काय, हे पुण्याच्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही. या दोन शब्दांचा एकमेकांशी काही संबंध नाही असे भाषेचे पंडित म्हणतात. बहुधा ते अविवाहित असावेत.

"अय्यो, श्यामलाची आई काय! बोला अक्का. मी सकवारबाई, खालची. ती बाजारात गेलीय की."

"बरी आहे ना हो ती?"

"बरी काय विचारता! तुमच्या पोरीला गंडा मिळालाय अक्का, लाखात एक!"

"काय मिळालाय?"

"गंडा वो, गंडा! आमच्या सबंध रोडवर विचारा. असा गंडा कुणाला मिळाला नाही."

प्रमोदिनीबाईंनी भिंतीला हात टेकला. "तिला... तिला कळलंय का हे?"

"कळल्याशिवाय राहतंय? लग्नादिवशीच मिळाला न्हवं."

"लग्नादिवशीच!"

"मग आणि कधी मिळतो? मलाबी तसाच मिळाला. तेहेतीस वर्षं झाली. माझा आता स्वल्प जुना झालाय, एवढंच. श्यामलाचा ताजा आहे."

"अहो, मग पोलिसात..."

"पोलिसात नाही अक्का, फ्याक्टरीत! पीण्यात. आठवड्याचे सहा दिवस तिथं. रविवारी मात्र दिवसभर घरात!"

"आणि तुम्ही हे उघड्या डोळ्यांनी पाहता? गप्प बसता?"

"गप्प कशाला बसू? साऱ्यांना सांगते की. आमची हर्षिता आहे ना लग्नाची, तिलाबी असाच गंडा मिळू दे म्हणून शुक्रवारी देवीला दिवा लावते. लग्न केलं म्हणजे गंडा आलाच की, अक्का. मग चांगला मिळालेला बरा."

इथे लाइन तुटली. सकवारबाईंनी समाधानाने रिसीव्हर ठेवला, आणि श्यामला आल्यावर तिला सांगितले, "आईचा फोन होता. मी सगळं चांगलं सांगितलंय." पुण्यात प्रमोदिनीबाई स्टुलावर बसल्या त्या उठेनात. स्वतःच्या लेकीची फसवणूक व्हावी म्हणून देवीला दिवा लावणारी बाई त्यांनी जन्मात ऐकली नव्हती.

त्यांचे यजमान भीमसेनराव सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते. लोकांचे अर्ज फेटाळण्यात त्यांची तीस वर्षे आनंदात गेली होती. त्यांनी सगळे ऐकून घेतले.

"पुन्हा फोन लावून श्यामलाला विचारू या का?" प्रमोदिनीबाई म्हणाल्या.

"छे! फोननं गुन्हेगार सावध होतो. सरळ जायचं. न कळवता. जाताना दोघं, येताना तिघं."

"मग अनारसे?"

"कसले अनारसे?"

"धोंड्याचे. तेहेतीस केलेत मी. जावई लबाड असला तरी जावई आहे, आणि अधिक महिना पुन्हा तीन वर्षांनी येणार. आधी वाण देऊ, मग जाब विचारू."

धर्म आणि व्यवहार यांची अशी सांगड फक्त आपल्याच समाजाला जमते. भीमसेनरावांनी एका खिशात परतीची तीन तिकिटे ठेवली, मांडीवर अनारशांचा डबा घेतला, आणि सबंध प्रवासात एकही अनारसा मोडू दिला नाही. स्वतःलासुद्धा.

रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला दारात सासू-सासरे पाहून नंदूला आनंद झाला. निदान चेहऱ्यावर तो दिसावा अशी त्याने व्यवस्था केली. श्यामला तर आईच्या गळ्यातच पडली. आईने तिच्या पाठीवरून असा हात फिरवला, जसा भूकंपातून वाचलेल्यांच्या पाठीवरून फिरवतात.

"खूप सोसलंस गं," त्या कुजबुजल्या.

"काय सोसलं?"

"काही बोलू नकोस. आत जा, उपमा कर."

मग नंदूला पाटावर बसवले. जावई म्हणजे साक्षात नारायण, म्हणून त्याला कुंकू लावले, ओवाळले आणि तेहेतीस अनारशांवर दिवा ठेवून वाण दिले. त्याने पहिला अनारसा तोंडात घातला तोच भीमसेनराव समोर खुर्ची ओढून बसले.

"जावईबापू, आम्हांला सगळं कळलंय."

विवाहित पुरुषाला उद्देशून मराठीत याहून भयंकर वाक्य नाही. निर्दोष माणूस यावर लगेच 'काय कळलंय?' असे विचारतो. नंदूच्या तोंडात अनारसा होता. तो गिळेपर्यंत त्याला विचार करायला वेळ मिळाला आणि तिथेच घात झाला.

"सगळं?"

"सगळं."

"चष्म्याचंसुद्धा?"

चष्म्याचे भीमसेनरावांना काहीच माहीत नव्हते. पण कचेरीत आयुष्य काढलेला माणूस माहीत नसलेल्या गोष्टीवरही गंभीरपणे मान हलवू शकतो. "तिथूनच सुरू करा," ते म्हणाले.

"मला चष्मा इथं येऊन लागला नाही. आधीपासून होता. तुमच्याकडे आलो तेव्हा खिशात होता."

"खिशात? मग मुलगी पाहिलीत कशी?"

"पाहिली की. म्हणजे... जांभळं असं काहीतरी होतं. फार शांत वाटलं मला. पोह्यांच्या बश्या दिल्या, 'घ्या ना, लाजू नका' म्हणालं. आवाजात माया होती. तेव्हाच मी ठरवलं."

स्वयंपाकघरातला झाऱ्याचा आवाज थांबला. श्यामला दारात येऊन उभी राहिली.

"जांभळं?"

नंदूने चष्मा सावरला. "हो. डाव्या हाताला."

"मी मोरपिशी नेसले होते. तुमच्या बरोबर समोर, पंख्याखाली. एक शब्दसुद्धा बोलले नव्हते."

"मग जांभळं कोण?"

"उकिडवेकाकू!" प्रमोदिनीबाई किंचाळल्या.

उकिडवेकाकू म्हणजे त्यांच्या शेजारच्या बिऱ्हाडातल्या. वय चौपन्न, तीन नातवंडे.

"म्हणजे तुम्ही उकिडवेकाकूंना होकार दिलात," श्यामला सावकाश म्हणाली.

"पण माळ तुलाच घातली ना!"

"तेव्हा होता का चष्मा?"

"नव्हता," नंदू म्हणाला. "मामांनी खांदे धरून वळवलं होतं."

एकदा खरे बोलायला लागलेला माणूस उतारावरच्या सायकलसारखा असतो. कुणी विचारले नसताना नंदू पुढे म्हणाला, "आणि हाताखाली बारा माणसं आहेत म्हणून सांगितलं होतं, तेही... म्हणजे आहेत. मी माळ्यावरच्या केबिनमध्ये बसतो. ती खाली काम करतात. माझ्या हाताखाली म्हणजे, तशी मजल्यानं खाली."

भीमसेनराव उभे राहिले. त्यांनी खिशातून तिकिटे काढली आणि फेटाळायच्या अर्जासारखी हवेत धरली. "श्यामला, सामान भर. उद्या दुपारची गाडी आहे, तीन तिकिटं आहेत. ज्या माणसानं तुला धड पाहिलंसुद्धा नाही, त्याच्या घरात माझी मुलगी राहणार नाही."

यावर नंदूने काही वाद घातला नाही. त्याने चष्मा काढला आणि मांडीवर ठेवला. बायको सामान भरताना दिसू नये, एवढाच त्यात हेतू. चार महिने जे दिसले तेवढेच आपल्या वाट्याचे, असे म्हणून तो समोरच्या धुक्याकडे पाहत बसला. या खेपेला धुके बरे वाटले नाही.

धुक्यातले मोरपिशी नव्हे, साध्या गाऊनचे काहीतरी पुढे आले. त्याने मांडीवरचा चष्मा उचलला, पदर नसल्यामुळे हातरुमालाने पुसला आणि नंदूच्या नाकावर बसवला.

"घाला तो. आणि इकडं बघा. उकिडवेकाकू नाहीये मी." मग ती वडिलांकडे वळली. "बाबा, ते पोहे कुणी केले होते, सांगू?"

"त्याचा इथं काय संबंध?"

"उकिडवेकाकूंनी. म्हणजे निदान पोह्यांच्या बाबतीत यांची निवड चुकली नव्हती. आणि माझ्या कागदावर 'गृहकृत्यदक्ष' कुणी लिहिलं होतं?"

"तशी पद्धत असते," भीमसेनराव म्हणाले.

"भिंतीवरचा भरतकामाचा हंस कुणाचा? लताआत्याचा. 'उंची पाच फूट चार'? अंबाड्यासकट मोजलीत का? आणि डाळ..." इथे ती किंचित अडखळली, पण नवऱ्याने एवढे सांगितल्यावर आपण मागे राहणे तिला बरे वाटेना. "अहो, ती डाळ उंचीमुळे कच्ची राहत नाही."

"राहत नाही?" नंदूला खरोखर धक्का बसला. "पण वातावरणाचा दाब..."

"सकवारबाईंची डाळ काय खाली समुद्रकाठी शिजते? एक मजला तर खाली आहेत! मला येतच नाही."

"ही सगळी फुटकळ प्रकरणं झाली!" भीमसेनराव गरजले. सुनावणी हातची चालली हे त्यांच्या लक्षात आले होते. "मूळ गंडा अजून बाहेर आलेलाच नाही! तो कुठाय? फॅक्टरीतला? सहा दिवस फॅक्टरीत आणि रविवारी घरात चालतो तो?"

"कसला गंडा?" नंदू आणि श्यामला एकदमच म्हणाले. लग्नानंतर त्यांचे इतके एकमत पहिल्यांदाच झाले असेल.

"साक्षीदार आहे माझ्याकडे. बोलवा त्या सकवारबाईंना!"

बोलवावे लागले नाही. एवढा आरडाओरडा वर चालला असता कुठलीही घरमालकीण जिन्याच्या सहाव्या पायरीच्या खाली नसते. सकवारबाई आल्या. त्यांच्या मागून अप्पासाहेब आले, गुरुवारच्या कीर्तनासाठी टाळांना दोऱ्या ओवत होते ते तसेच हातात घेऊन.

"बाई, हा देव समोर आहे," भीमसेनराव म्हणाले. "खरं सांगा. श्यामलाला गंडा मिळालाय असं तुम्ही फोनवर म्हणालात?"

"म्हणाले की."

"कुठाय तो?"

"अय्यो, हा काय!" सकवारबाईंनी नंदूकडे बोट दाखवले. "अनारसे खात बसलाय."

"पाहिलंत?" भीमसेनराव सगळ्यांकडे फिरून म्हणाले. "परकी बाई, पण तोंडावर सांगते!"

"आणि तुमचा आज पाहिला अक्का," सकवारबाई प्रमोदिनीबाईंना कौतुकाने म्हणाल्या. "बरा आहे की. स्वल्प ओरडतो, एवढंच."

"माझा कोण ओरडतो?"

"तुमचा गंडा! हा काय उभा आहे, तिकिटं घेऊन!"

प्रमोदिनीबाईंनी नवऱ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिले. एकतीस वर्षे आपल्याला जो शब्द हवा होता तो परभाषेत आयता तयार होता, असे काहीसे त्यांच्या चेहऱ्यावर आले.

अप्पासाहेबांच्या हातातून टाळ निसटून खणकन वाजला. "अहो, थांबा, थांबा! गंड म्हणजे यजमान! कानडीत नवऱ्याला गंड म्हणतात. ही म्हणत होती, श्यामलाला नवरा चांगला मिळालाय!"

मग जो हशा झाला त्यात सगळ्यांत मोठा आवाज भीमसेनरावांचा होता, कारण सगळ्यांत जास्त हसे त्यांचेच झाले होते. त्यांनी जावयाला मिठी मारली. एक तिकीट परत करायचे ठरले. श्यामलाने सगळ्यांना बजावले, "मी तशीही गेले नसते. यांनी आत्ता कुठे मला बघायला सुरुवात केलीय." उपमा आला. तो थोडा करपला होता, आणि करपला आहे असे प्रथमच मोकळेपणाने सांगण्यात आले. सगळ्यांचे खोटे बाहेर पडल्यामुळे खोलीतली हवा कशी हलकी झाली होती. कीर्तनात बुक्का लागल्यावर होते तशी.

इथेच आख्यान संपते तर सगळ्यांचे कल्याण झाले असते. पण अप्पासाहेबांनी सहज विचारले, "तुम्ही गुरुवारपर्यंत राहा की. आमचे पेटीवाले गावी गेलेत. कुणी पेटी वाजवणारं माहीत आहे का?"

"हे वाजवतात," प्रमोदिनीबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम मृदू झाला होता. "म्हणजे वाजवायचे. माझं माहेर कीर्तनकाराचं. जावई पेटीची साथ करणाराच हवा, असा वडिलांचा हट्ट होता. म्हणून तर हे स्थळ केलं. पण लग्नाच्या आधी महिनाभर यांचे गुरू वारले, आणि यांनी नियम घेतला, पुन्हा पेटीला हात लावायचा नाही. एकतीस वर्षं पाळलाय. मी दर दसऱ्याला त्या पेटीची पूजा करते. शेजारच्या बायकांना सांगते, गुरुभक्ती असावी तर अशी."

अशा वेळी शहाण्या माणसाने उपमा खावा. पण सकाळपासून लोक भराभर खरे बोलताहेत आणि त्यांना क्षमा मिळते आहे, हे भीमसेनरावांनी डोळ्यांनी पाहिले होते. त्यांनाही हुरूप आला. त्यांनी अप्पासाहेबांच्या पाठीवर थाप मारली आणि हसत हसत म्हणाले, "कुठले गुरू नि कुठला नियम घेऊन बसलात! पेटी भावाची होती. मला त्यातली काळी पट्टी कुठली नि पांढरी कुठली एवढंच माहीत. लग्न जमायचं होतं, दुसरं काय! चालायचंच!"

कोणी हसले नाही.

प्रमोदिनीबाई रडल्या नाहीत की ओरडल्या नाहीत. त्यांनी अनारशांच्या डब्याचे झाकण लावले. मग विचारले, "एक तिकीट परत करणार होतात ना?"

"हो. श्यामलाचं."

"दोन करा."

"अगं, एकतीस वर्षांपूर्वीची गोष्ट! या पोरांनाही माफ केलंसच की तू!"

"यांचं चार महिन्यांत कळलं. मी एकतीस दसरे एका रिकाम्या खोक्याला झेंडूची माळ घातली. एक भजन, पहिल्यापासून शेवटपर्यंत, पेटीवर वाजवायला शिका. फोनवर ऐकवा. त्या दिवशी मी गाडीत बसते. तोवर इथं दर गुरुवारी कीर्तन आहे, माझं काही अडत नाही."

"सरी, अक्का," सकवारबाई म्हणाल्या. हा निकाल त्यांना सर्वांत आधी पटला होता.

सोमवारच्या गाडीने भीमसेनराव एकटेच पुण्याला गेले. आता जे. पी. नगरात दर रविवारी सकाळी फोन वाजतो. प्रमोदिनीबाई रिसीव्हर कानाला लावतात, डोळे मिटून ऐकतात. "दुसऱ्या ओळीत घसरलात," म्हणतात आणि ठेवून देतात. वरच्या मजल्यावर झोपायची खोली एकच, ती सासूबाईंना दिली असल्यामुळे नंदू बाहेरच्या खोलीत सतरंजीवर असतो. बायको राहिली, पण तिच्याबरोबर तिची आईही राहिली. सासऱ्याला लवकर सूर सापडावा म्हणून त्याच्याइतकी कळकळीची प्रार्थना बंगळुरात दुसरे कोणी करीत नसेल. कीर्तनात हल्ली तो खांब सोडून पुढे बसतो. डाळ मात्र शिजू लागली आहे, ती प्रमोदिनीबाईंमुळे.

आणि पुण्यात एकसष्ट वर्षांचा एक माणूस रोज संध्याकाळी पेटी उघडतो. भात्याला उंदरांनी पाडलेले भोक त्याने स्वतः कापड चिकटवून बुजवले आहे. पट्ट्यांवर खडूने आकडे लिहिले आहेत. पलीकडच्या उकिडवेकाकू भिंतीवर हात आपटतात, तरी तो थांबत नाही. पहिली ओळ आता त्याला येते. दुसरी यायची आहे, आणि भजनाला पाच ओळी आहेत.

तेव्हा मंडळी, एवढे करा. कुठल्याशा बोळातून जाताना वरच्या खिडकीतून पेटीचा एकच सूर पुन्हा पुन्हा, अडखळत, चुकत ऐकू आला, तर हसून पुढे जाऊ नका. घटकाभर थांबा, आणि त्या भीमसेनरावांची आठवण काढा. बिचारा अजून दुसऱ्या ओळीवर आहे.